संगणकाचा काळा पडदा : दोष शोधावा कसा?

वैद्य आधी नाडी पाहतो आणि औषध मागाहून देतो. यंत्राच्या बाबतीत आपण बहुधा याच्या उलट करतो. संगणक सुरू केला आणि पडद्यावर काही आले नाही, की "गेला हा!" असे म्हणून मोकळे होतो. नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत थोरल्या भावाने किंवा मामाने वापरून दिलेला जुना संगणक असतो. घरातील मुले त्यावर टिपणे काढतात, परीक्षेचे अर्ज भरतात. असा संगणक बंद पडला की नव्याचा खर्च झेपत नाही आणि जुन्यातील मजकूरही गेला, असे समजून घरचे हवालदिल होतात. वस्तुतः पडदा काळा होणे आणि संगणक निकामी होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा फरक ओळखण्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. विचाराला क्रम असला म्हणजे पुरते. तो क्रम कोणता, हे प्रस्तुत लेखात पाहू.

चित्र पडद्यावर कसे येते?

काय दाखवायचे हे प्रोसेसर सांगतो. ग्राफिक्स कार्ड आपल्या स्मृतीत त्या चित्राचा एकेक ठिपका मांडते आणि केबलमधून मॉनिटरकडे पाठवते. हे काम सेकंदाला साधारणपणे ६० वेळा चालते. आय.बी.एम. कंपनीने १९८७ मध्ये व्हीजीए ही पद्धत आणली. तिच्यात ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३,०७,२०० ठिपक्यांचे चित्र उमटे. तीन ओळींत १५ पिना बसतील असे तिचे जोडटोक आजही जुन्या संगणकांच्या पाठीमागे दिसते. पुढे कार्ड बसवण्याची जागाही बदलत गेली. १९९७ च्या सुमारास एजीपी आणि २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस स्लॉट प्रचारात आले. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. म्हणून जुने कार्ड विकत घेताना स्लॉट कोणता आहे हे आधी पाहावे.

या साऱ्या वाटेवर हार्ड डिस्क कोठेच नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला मजकूर हार्ड डिस्कवर असतो. कार्ड जळाले तरी मजकुराला त्यामुळे धक्का लागत नाही.

बाहेरून आत

दोष शोधताना बाहेरून आत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

प्रथम मॉनिटर पाहावा. मॉनिटर चालू ठेवून त्याची केबल संगणकापासून काढावी. "नो सिग्नल" किंवा तशा अर्थाचा संदेश उमटला, तर मॉनिटर जिवंत आहे. दुसरी खूण याहून उपयोगी आहे. मॉनिटरला स्वतःची बटणे असतात. ती दाबली की उजेड कमी-जास्त करण्याची यादी पडद्यावर येते. ही यादी मॉनिटर स्वतः तयार करतो. चित्रातील रेघा या यादीवरही दिसल्या, तर दोष मॉनिटरचा. यादी स्वच्छ आणि चित्र मात्र विस्कटलेले, तर दोष केबलच्या किंवा संगणकाच्या बाजूला आहे. सपाट मॉनिटर अगदी काळा दिसत असेल, तर अंधारात त्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकून पाहावा. पुसट चित्र दिसले, तर चित्र येते आहे. फक्त मागचा दिवा गेला आहे.

त्यानंतर केबल. व्हीजीए केबलीत तांबडा, हिरवा आणि निळा या रंगांना वेगवेगळ्या पिना असतात. तांबड्याची पिन वाकली तर पडदा निळसर-हिरवा दिसतो, हिरव्याची वाकली तर जांभळट-गुलाबी आणि निळ्याची वाकली तर पिवळट. बऱ्याच केबलींत नववी पिन मुळातच नसते. ती तुटली असा समज करून घेऊ नये.

मग संगणकाकडे वळावे. कीबोर्डवरील कॅप्स लॉकचे बटण दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आत काम करतो आहे. सुरू होताना येणारे बीपचे आवाजही कान देऊन ऐकावेत. अनेक जुन्या मदरबोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागात बिघाड, असा संकेत असतो. कंपनीगणिक हे संकेत बदलतात. त्यासाठी बोर्डाची पुस्तिका पाहावी.

आत काय पाहावे?

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वायर भिंतीच्या बोर्डातून काढावी, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग खराब होऊ शकतात. मग स्लॉटच्या टोकाची खिटी सोडवून कार्ड सरळ वर काढावे, त्याच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, कणी झटकावी आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवून स्क्रू लावावा. रॅमच्या पट्टीलाही हाच उपाय करावा, कारण रॅम सैल झाली तरी पडदा काळाच राहतो. बोर्डावरील डबीसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली आहेत का, तेही पाहावे. साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले होते.

आपल्या भागात धूळ आणि उष्णता हे मोठे शत्रू आहेत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कार्डाचा छोटा पंखा धुळीने जाम होतो. गेल्या मे महिन्यात आमच्या घरचा, लातूरच्या मामांकडून आलेला संगणक असाच बिघडला. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे चित्र ठीक राही, मग रंगीत ठिपके उठत आणि पडदा काळा होई. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी नवे कार्ड घ्या आणि डिस्कही फॉरमॅट करून घ्या, असे सांगितले. त्यांनी सांगितलेली रक्कम म्हणजे मोंढ्यात हमाली करणाऱ्या माझ्या वडिलांची बारा दिवसांची कमाई होती. शिवाय त्या डिस्कवर मराठीच्या प्रकल्पासाठी आजीकडून लिहून घेतलेल्या सव्वादोनशे ओव्या होत्या. आजी आता नाही. मी वर सांगितलेल्या क्रमाने पाहत गेलो. मॉनिटरची यादी स्वच्छ होती, म्हणजे मॉनिटर निर्दोष. थंड असताना चित्र ठीक, म्हणजे संशय उष्णतेवर. कॅबिनेट उघडले तर कार्डाचा पंखा फिरतच नव्हता. आमच्या मदरबोर्डावर चित्रासाठी वेगळी जागा आहे. कार्ड काढून केबल तेथे लावली आणि संगणक तासन्‌तास चालला. खर्च शून्य आणि ओव्या जशाच्या तशा. कार्ड काढल्याखेरीज काही बोर्डांवरील ही जागा चालू होत नाही आणि काही संगणकांत ती नसतेच, एवढे मात्र लक्षात असावे.

दोष यंत्राचा की आज्ञावलीचा?

संगणक सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वीच, रेघा दिसल्या तर दोष यंत्राचा असतो. विंडोज आल्यानंतरच चित्र बिघडले, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. जुन्या विंडोजमध्ये सुरुवातीला एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जाता येते. तेथे साधा ड्रायव्हर वापरला जातो. तेथे चित्र ठीक आले, तर मूळ ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा. "आउट ऑफ रेंज" असा संदेश आला, तर मॉनिटरला न पेलणारे चित्र पाठवले जात आहे. तेथेही सेफ मोडमधून आकार कमी करता येतो.

आपणा मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक भ्रम होतो. जुनी फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसतो आणि दोष कार्डाच्या माथी मारला जातो. बाकी सारी चित्रे नीट असतील, तर हा दोष फॉन्टचा आहे. एके काळी मात्र मराठी दिसण्यासाठी खरोखरच कार्ड लागत असे. आय.आय.टी. कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. ज्या फायली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत आहेत, त्या वाचायला तोच फॉन्ट लागतो. तो बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

शेवटी दोन इशारे. जुना काचेच्या नळीचा मॉनिटर आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांत घातक वीज साठून राहते. दुसरे असे की, दुरुस्तीला जाताना आपण काय काय पाहिले ते वहीत लिहून न्यावे आणि हार्ड डिस्क आपल्या परवानगीवाचून फॉरमॅट करू नये, असे स्पष्ट सांगावे. कार्ड खरोखर गेलेले असेल, तर ते गेले असे मान्य करावे. पण ते तपासून झाल्यावर. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि आपला मजकूर तेथे उतरवून घेता येतो. यंत्र जुने झाले म्हणून आपले लिहिलेले त्याच्याबरोबर भंगारात जाण्याचे कारण नाही.