सरळ रेषांतून वक्र

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. पायथॉनमध्ये फक्त सरळ रेषा वापरून दोऱ्याच्या नक्षीसारखं चित्र काढता येईल का?

उत्तर : नक्की येईल. पायथॉनसोबत येणारं टर्टल हे चित्र काढायचं मॉड्यूल त्याला पुरेसं आहे. वर्तुळावर समान अंतरावर 200 बिंदू घ्या, त्यांना 0 ते 199 क्रमांक द्या. लूपमध्ये प्रत्येक बिंदू दुप्पट क्रमांकाच्या बिंदूला जोडा. दुप्पट 200 किंवा त्याहून जास्त झाली, तर 200 ने भागून बाकी घ्या. 130 ची रेषा 60 वर जाईल. बघता बघता हृदयाच्या आकाराचा कार्डिऑइड उमटतो. एकही वक्र आपण काढलेला नसतो, प्रत्येक रेषा त्या वक्राची स्पर्शिका असते! तिप्पट केलीत तर दोन खाचांचा नेफ्रॉइड. टर्टलचा वेग मात्र फार वाढवू नका, रेषा पडताना मुलीला दिसायला हव्यात. आणि आधी 10 बिंदूंचं चित्र कागदावर पट्टीने काढू द्या, मगच कोडला बसवा.