पोलोनियसला कुणी मारलं?



शोकांतिका शिकवताना आपण नायकाचा दोष शोधतो. आज मात्र 'हॅम्लेट'मधल्या एका दुय्यम पात्राकडे पाहू या: राजाचा मंत्री पोलोनियस. नागपूरचे नाटककार नाना जोग यांनी हे नाटक मराठीत आणलं. २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तेच रंगमंचावर आणलं, तेव्हा सुमीत राघवन हॅम्लेट झाले होते.

पोलोनियस दुष्ट नाही, हे मुलांना आधी सांगा. त्याला फक्त नको तिथे नाक खुपसायची सवय आहे. ती कशी वाढत जाते, ते फळ्यावर क्रमाने लिहा.

१. मुलगा लेअर्टिस पॅरिसला निघतो, तेव्हा बाप छान उपदेश करतो. नंतर त्याच्यावर नजर ठेवायला नोकर पाठवतो.

२. मुलगी ऑफेलियाला हॅम्लेटशी बोलणं बंद करायला लावतो. हॅम्लेटने तिला लिहिलेलं पत्र राजा-राणीपुढे वाचून दाखवतो.

३. हॅम्लेट प्रेमापायी वेडा झालाय, हे सिद्ध करायला मुलीलाच पुढे करतो आणि राजासोबत लपून ऐकतो. राजाला हा तर्क पटत नाही.

४. तरी हा थांबत नाही. राणीच्या महालात पडद्यामागे लपतो. राणी घाबरून ओरडते, तसा हाही आतून ओरडतो. आत राजा आहे असं समजून हॅम्लेट तलवार खुपसतो.

आता विचारा: पोलोनियसला कुणी मारलं? तलवार हॅम्लेटची, हे खरंच. पण पडद्यामागची जागा त्याने स्वतः निवडली होती. तिसऱ्या पायरीवर चूक कळायची संधी आली होती, तीही त्याने घालवली. आणि किंमत एकट्याने मोजली नाही. ऑफेलियाला वेड लागतं, ती बुडून मरते. लेअर्टिस सूडाला पेटतो आणि जीव गमावतो. ज्यांच्या भल्यासाठी धडपडला, ती दोन्ही लेकरं गेली.

आमच्या सक्करदऱ्यातल्या मुलांना पडद्याचा हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दाराचा पडदा घरोघरी आहे, आणि त्याच्या आडून ऐकणारी मोठी माणसंही. पालकहो, मुलांचा मोबाईल गुपचूप तपासताना आपणही "तुझ्याच भल्यासाठी" म्हणतो ना? काळजी असावीच. पण पोलोनियसने चारही वेळा एक साधी गोष्ट केली नाही: मुलांचं मनापासून ऐकून घेतलं नाही.

स्वाध्याय: पोलोनियस कोणत्या पायरीवर थांबला असता, तर ऑफेलिया वाचली असती? कारणासह पाच ओळी लिहा. हा स्वाध्याय आईबाबांनीही सोडवावा.