सौम्य अर्बुद : किती सौम्य?

११ ऑगस्ट १९९९ च्या सायंकाळी सूर्यग्रहण झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी, एप्रिल २००० मध्ये, धूलकोटकडील एक तरुण आई आपल्या अडीच महिन्यांच्या मुलीला लसीकरणासाठी माझ्याकडे घेऊन आली. मुलीच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर पिकल्या बोराएवढी लालभडक, मऊ गाठ होती. सोबत आलेल्या सासूबाईंनी कारण आधीच ठरविले होते : "ग्रहणात हिनं विळी हातात धरली, दुसरं काय!" आई खाली मान घालून बसली होती.

मी त्या वेळी नुकताच एम.डी. होऊन व्यवसायात स्थिरावत होतो. ग्रहणाचा आणि गाठीचा काही संबंध नाही, हे मी सासूबाईंना ठासून सांगितले. मग मातेला म्हणालो, "ही साधी गाठ आहे. कर्करोग नाही. आपोआप जिरते. काही करू नका." त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि एका अंधश्रद्धेचे निर्मूलन केल्याचे समाधान मला लाभले.

मुलगी पुन्हा आली ती तिसरे वर्ष सरताना, तापासाठी. गाठ बरीचशी जिरली होती. पापणीवर सुरकुतलेली फिकट त्वचा तेवढी उरली होती. परंतु तपासताना तिचा उजवा डोळा हाताने झाकला, तशी ती रडू लागली आणि माझा हात ओढून काढू लागली. डावा डोळा झाकल्यावर मात्र ती शांत होती. नेत्रतज्ज्ञांनी निदान केले : डाव्या डोळ्याची दृष्टी विकसितच झालेली नाही. पुढे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार झाले, थोडी दृष्टी सुधारली, पण तो डोळा कायमचा अधू राहिला.

माझे निदान अचूक होते. भाकीतही खरे ठरले. तरीही त्या मुलीचे नुकसान झाले, कारण "साधी गाठ" या दोन शब्दांपुढे मी विचारच केला नव्हता. त्या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय, हे समव्यवसायी मित्रांपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावे, हा या लेखाचा उद्देश आहे.

अर्बुद म्हणजे काय?

गाठींचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वेगवेगळे वर्णन आढळते. अर्बुद गोल, स्थिर, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि सहसा न पिकणारे असते, हे निरीक्षण सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात केलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आदर वाटतो.

आजच्या भाषेत सांगायचे तर, शरीरातील पेशींचे विभाजन अनेक जनुकांच्या नियंत्रणाखाली चालते. एखाद्या पेशीच्या जनुकात बदल होतो, तिच्यावरचा लगाम सैल पडतो आणि तिची संतती गरजेपेक्षा जास्त वाढते. ही वाढ आपल्या जागीच राहिली, शेजारच्या ऊतींत घुसली नाही आणि रक्त वा लसिकेवाटे दूरच्या अवयवांत रुजली नाही, तर ते सौम्य अर्बुद. घुसखोरी करणारे आणि दूरवर पसरण्याची क्षमता असणारे ते दुर्दम अर्बुद, म्हणजेच कर्करोग.

म्हणजे "सौम्य" हे विशेषण पेशींच्या वर्तनाचे आहे. रुग्णाला होणाऱ्या त्रासाचे ते मोजमाप नव्हे. मुलांच्या मेंदूत पीयूषिका ग्रंथीजवळ होणारा क्रेनिओफॅरिंजिओमा हा पेशींच्या दृष्टीने सौम्य असतो. पण तो दृष्टिमज्जेवर दाब देऊन अंधत्व आणतो आणि संप्रेरकांचा तोल बिघडवून वाढ खुंटवतो. घर मोडायला चोरच यावा लागतो असे नाही. अरुंद जागेत ठेवलेले मोठे कपाटही वाट अडवते.

कारणे आणि तीन वाटा

सौम्य अर्बुदांचे एकच एक कारण सांगता येत नाही. स्त्रियांच्या गर्भाशयातील फायब्रॉइडमध्ये बहुतेक वेळा एमईडी-१२ या जनुकात बदल आढळतो आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके त्याच्या वाढीस खतपाणी घालतात. काही कुटुंबांत जनुकीय दोष वारशाने येतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग आणि मज्जातंतूंच्या गाठी दिसतात. ट्युबरस स्क्लेरोसिसमध्ये तर जन्मापूर्वीच हृदयात गाठी तयार होतात.

सौम्य अर्बुदाचा पुढील प्रवास तीन वाटांनी होतो. काही गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात. प्रौढांच्या त्वचेखालची चरबीची गाठ हे त्याचे परिचित उदाहरण. काही आपोआप जिरतात. ट्युबरस स्क्लेरोसिसमधील हृदयातील गाठी बहुधा बालपणीच लहान होत जातात, फायब्रॉइड रजोनिवृत्तीनंतर आकसतो. काही थोड्या गाठी मात्र कालांतराने दुर्दम होतात. मोठ्या आतड्यातील अॅडिनोमा प्रकारचा पॉलिप सौम्य असतानाच काढून टाकावा लागतो, तो याचसाठी.

अर्भकाची लाल गाठ

माझ्या त्या छोट्या रुग्णाला होता तो अर्भकीय हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींचे सौम्य अर्बुद. तान्ह्या बाळांत सर्वाधिक आढळणारे अर्बुद हेच. सुमारे ४ ते ५ टक्के बाळांना ते होते. मुलींत त्याचे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त असते. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची आणि जुळी बाळे यांनाही धोका अधिक.

पूर्वी प्रत्येक लाल जन्मखुणेला सरसकट हिमँजिओमा म्हणण्याची पद्धत होती. १९८२ मध्ये मलिकन आणि ग्लोवाकी यांनी हा गोंधळ दूर केला. ज्यात पेशींची वाढ होते ती अर्बुदे आणि ज्यात वाहिन्यांची केवळ घडण चुकलेली असते ते रचनादोष, असे दोन गट त्यांनी पाडले. चेहऱ्यावरचा पोर्ट वाइन डाग हा रचनादोष आहे. तो जन्मतःच असतो, मुलाबरोबर वाढतो आणि आपोआप जात नाही. हिमँजिओमा जन्माच्या वेळी बहुधा दिसत नाही, किंवा फिकट डागाएवढाच असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो लाल होऊन फुगू लागतो.

तो का होतो? २००० साली पॉला नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या गाठीच्या पेशींवर ग्लुट-१ हे प्रथिन असते. सामान्य त्वचेच्या रक्तवाहिन्यांत ते नसते, पण वारेच्या रक्तवाहिन्यांत असते. वारेशी असलेले हे साम्य अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. गर्भावस्थेत किंवा जन्माच्या सुमारास ऊतींना प्राणवायू कमी पडला, तर काही मूळपेशी नव्या रक्तवाहिन्या घडविण्यास उद्युक्त होत असाव्यात, हे आजचे प्रमुख स्पष्टीकरण आहे. वारेचे दोष आणि मातेचा वाढलेला रक्तदाब यांच्याशी आढळणारा संबंध त्याला जुळतो. या सर्व विवेचनात विळीला, ग्रहणाला, मातेच्या डोहाळ्यांना कोठेही स्थान नाही. कोणत्याही सासूबाईंना हे निःशंकपणे सांगावे.

वाढीचे वेळापत्रक

या गाठीचे वेळापत्रक हाच या लेखाचा गाभा आहे. तिची सर्वांत वेगवान वाढ साधारण पाच ते आठ आठवड्यांच्या वयात होते. तीन महिन्यांच्या सुमारास ती आपल्या अंतिम आकाराच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते. वर्षाच्या आसपास उलटा प्रवास सुरू होतो. लाल रंग करडा होतो, गाठ मऊ पडते, वाहिन्यांची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. बहुतेक गाठींचे आकसणे चार वर्षांपर्यंत आटोपते.

"आपोआप जाते" हे विधान यामुळेच खरे ठरते. पण दृष्टीचे वेळापत्रक त्यासाठी थांबत नाही. मेंदूतील दृष्टिकेंद्र पहिल्या महिन्यांत आणि वर्षांत डोळ्याकडून येणाऱ्या स्पष्ट प्रतिमेवर घडते. पापणीवरची गाठ बाहुली झाकते किंवा बुबुळावर दाब देऊन त्याची गोलाई बिघडवते. मग मेंदू त्या डोळ्याकडून येणारी अस्पष्ट प्रतिमा बाजूला सारण्यास शिकतो. गाठ गेली तरी हे शिकणे सहजासहजी पुसले जात नाही. माझ्या हातून निसटले ते हेच.

कोठे थांबू नये?

पाठीवर, पोटावर किंवा दंडावर असलेल्या छोट्या गाठीला आजही केवळ निरीक्षण पुरते. पुढील परिस्थितीत मात्र वाट पाहू नये.

पापणी आणि डोळ्याचा परिसर : दृष्टीला धोका.

ओठ, नाकाचा शेंडा, कान : व्रण किंवा कायमची विद्रूपता.

हनुवटी, जबडा आणि गळा, म्हणजे पुरुषांना दाढी येते तो भाग : अशा वेळी स्वरयंत्राखालीही गाठ असू शकते. एक ते तीन महिन्यांच्या बाळाला श्वास आत घेताना आवाज येऊ लागला, तर केवळ सर्दी किंवा दमा समजून वाफ देत बसू नये.

लंगोटाचा भाग : त्वचा फाटून वेदनादायक जखम होते.

चेहऱ्यावरील पाच सेंटिमीटरहून मोठी, पट्ट्यासारखी पसरलेली गाठ : मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासावेत.

कमरेखाली, कण्याच्या मध्यरेषेवर : मज्जारज्जूची तपासणी आवश्यक.

अंगावर पाच किंवा अधिक गाठी : यकृताची सोनोग्राफी करावी. यकृतात पुष्कळ गाठी असतील तर हृदयावर ताण पडतो आणि थायरॉइडची कमतरताही उद्भवते.

गाठ टणक, जांभळट, तळाशी घट्ट चिकटलेली असेल, किंवा बाळाच्या अंगावर रक्ताचे बारीक ठिपके दिसत असतील, तर ती हिमँजिओमा नसण्याची शक्यता ध्यानात घेऊन त्वरित मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

जुन्या गोळीचा नवा गुण

२००० साली अशा गाठींसाठी आमच्या हाती मुख्यत्वे स्टेरॉइड होते. त्याचे दुष्परिणाम ध्यानात घेता हात आखडणे स्वाभाविक होते, पण पापणीच्या गाठीसाठी नेत्रतज्ज्ञाकडे पाठविण्यास मला कोणी अडविले नव्हते.

२००८ मध्ये चित्र पालटले. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ एका बाळाच्या नाकावरील हिमँजिओमासाठी स्टेरॉइड देत होत्या. त्या बाळाला हृदयस्नायूंचा विकार झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग लालभडकवरून जांभळट झाला आणि ती मऊ पडली. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयरोगासाठी शोधलेल्या आणि त्यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवून देणाऱ्या या औषधाचा हा अनपेक्षित गुण होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६० बाळांच्या चाचणीत, सहा महिने औषध दिलेल्या गटातील ६० टक्के बाळांची गाठ पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः गेली. औषधाविना हेच प्रमाण ४ टक्के होते.

औषध जुने आणि स्वस्त असले तरी घरगुती नव्हे. मात्रा दररोज किलोमागे १ मिलिग्रॅमपासून सुरू करून २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत, विभागून, किमान सहा महिने द्यावी लागते. आधी हृदयाची तपासणी करावी. पहिल्या मात्रेनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब पाहावा. आठ आठवड्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णालयात ठेवूनच सुरुवात करावी. औषध नेहमी दूध पाजताना द्यावे. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल, तर मात्रा थांबवावी, अन्यथा रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. लहान, पातळ गाठींसाठी टिमोलॉलचे थेंब बाहेरून लावण्याचाही उपयोग होतो. गाठीला डाग देणे, चुना लावणे, दोरा बांधणे यांनी मात्र जखम आणि व्रणाशिवाय काही पदरात पडत नाही.

आपल्या हाती काय आहे?

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार, धोक्याच्या जागी गाठ असलेले बाळ शक्यतो एक महिन्याचे असतानाच तज्ज्ञाने पाहावे. धूलकोटसारख्या सातपुड्यातील भागात हे कसे साधावे? उत्तर आपल्या व्यवस्थेतच आहे. आशा कार्यकर्ती बाळाला घरी जाऊन ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी पाहते. लसीकरण ६, १० आणि १४ आठवड्यांना होते. गाठीच्या वाढीचा काळ नेमका हाच. आपण लस देताना बाळाची मांडी तेवढी उघडतो. एकदा सर्व कपडे काढून, उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत पाहिले तर एक मिनिट जास्त लागते. गाठ दिसली की मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि एका आठवड्याने पुन्हा घेऊन ताडून पाहावे.

काही वर्षांपूर्वी त्याच भागातील एका आशा कार्यकर्तीने २८ व्या दिवसाच्या भेटीत बाळाच्या पापणीवरचा लाल ठिपका पाहिला आणि आईला माझ्याकडे धाडले. बाळ तेव्हा पाच आठवड्यांचे होते. त्याला दाखल करून औषध सुरू केले. चार दिवसांत रंग फिका पडला, पापणी पूर्ण उघडू लागली. वर्षाचे झाल्यावर औषध थांबविले. कोणताही डोळा झाकला तरी ते बाळ शांतपणे खुळखुळ्याकडे पाहत असे.

त्याही बाळाच्या आजींनी मला ग्रहणाचे विचारले होते. मी पूर्वीसारखेच "नाही" म्हटले. पण या वेळी तेथेच न थांबता नेत्रतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या आठवड्याची तारीख त्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरांत घातली.