ब्लीच प्लॅस्टिक खातं का?

मित्रांनो, सिव्हिलवाल्यांनी सुरुवातीलाच गैरसमज करून घेऊ नये. या लेखात पूल म्हणजे नदीवरचा पूल नव्हे, स्विमिंग पूल! आपल्या हॉस्टेलला तो नाही आणि पुढच्या दहा वर्षांत होईल असंही वाटत नाही. मग हा विषय कशाला? कारण प्रश्न पूलचा असला तरी त्याचं उत्तर आपल्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत येऊन पोचतं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीत इंग्रजी शब्द डोकावतील. तेवढं सांभाळून घ्या.)

प्रश्न काय आहे?

अमेरिकेत आणि कॅनडात पुष्कळ लोकांच्या घरामागे छोटा पूल असतो. त्यातल्या बऱ्याच पूलना आपल्याकडच्यासारख्या टाइल्स नसतात. भिंत आणि तळ तयार करून त्यावर आतून व्हिनाइलचं, म्हणजे मऊ पीव्हीसीचं, एकसंध कापड बसवतात. त्याला लायनर म्हणतात. जाडी फक्त अर्धा ते पाऊण मिलिमीटर. तो फाटला की पाणी गळायला लागतं आणि नवीन बसवायचा खर्च चांगलाच मोठा असतो.

आता पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून क्लोरीन तर टाकायलाच हवं. पूलच्या दुकानातलं क्लोरीन संपलं आणि कुणी किराणा दुकानातलं कपड्यांचं ब्लीच ओतलं, तर लायनर खराब होईल का?

उत्तर आधीच सांगून टाकू या: योग्य प्रमाणात, नीट मिसळून टाकलं तर नाही. पण तेच ब्लीच एका जागी साचून राहिलं तर नक्की होईल. दोन्ही वाक्यं खरी कशी, हेच आपल्याला बघायचंय.

दोन बाटल्या, एकच माल

घरगुती ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळवलेलं सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ५ ते ८ टक्के. पूलच्या दुकानातलं ‘लिक्विड क्लोरीन’ म्हणजेही सोडियम हायपोक्लोराइटच, फक्त १० ते १२.५ टक्के. फरक आहे तो तीव्रतेचा. मात्र ब्लीच साधं हवं. सुगंधी किंवा घट्ट केलेल्या ब्लीचमध्ये साबणासारखी इतर द्रव्यं असतात, ती पूलमध्ये नकोत.

हे रसायन जुनं आहे. फ्रान्समध्ये बेर्तोले यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी कपडे पांढरे करण्यासाठी क्लोरीनचा वापर दाखवला. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. मऊ पीव्हीसी त्या मानाने तरुण! ते १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी बनवलं.

पीव्हीसी तसं हायपोक्लोराइटला घाबरत नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रात हायपोक्लोराइट वाहून नेणारे पाइप बऱ्याचदा कडक पीव्हीसीचेच असतात. आणि ब्लीचची बाटली कशाची असते? प्लॅस्टिकचीच ना! पण लायनर म्हणजे नुसतं पीव्हीसी नाही. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो आणि वर छापील रंग असतो. तीव्र ब्लीचचा पहिला मार बसतो तो या दोघांवर. रंग उडतो, आणि मऊपणा गेला की लायनर कडक होऊन तडकतो.

थोडं गणित

घाबरू नका, एम-थ्री नाही. समजा पूलमध्ये ५०,००० लिटर पाणी आहे आणि आपल्याला २ पीपीएम क्लोरीन हवंय. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. म्हणजे १,००,००० मिलिग्रॅम, अर्थात १०० ग्रॅम क्लोरीन लागेल. ५ टक्के ब्लीचच्या एका लिटरमधून अंदाजे ५० ग्रॅम मिळतं. म्हणून २ लिटर पुरे.

आता गंमत बघा. बाटलीत क्लोरीन होतं ५०,००० पीपीएम, पूलमध्ये उरलं २ पीपीएम. म्हणजे २५,००० पट पातळ! लायनरला रोज भेटतं ते हे दुसरं पाणी. त्याचं तो वर्षानुवर्षं काही मनावर घेत नाही.

मग डाग का पडतात?

कारण पाणी स्थिर असताना एकाच कोपऱ्यात बाटली उपडी केली जाते. ब्लीच पाण्यापेक्षा जड असतं. ते ढवळलं गेलं नाही तर खाली जाऊन तळावर बसतं. म्हणजे त्या वीतभर जागेला २ नव्हे, हजारो पीपीएम सोसावे लागतात. म्हणून पंप चालू ठेवून, पाणी जिथून जोराने आत येतं तिथे हळूहळू ओतायचं.

दाणेदार क्लोरीनचं तर याहून वाईट. न विरघळलेला दाणा तळावर बसला की पांढरा ठिपका पडलाच! म्हणून ते आधी बादलीत विरघळवून घेतात. ट्रायक्लोरच्या वड्या अ‍ॅसिडिक असतात, त्या थेट लायनरवर ठेवल्या तर रंगही जातो आणि लायनरही बिघडतो.

पीएच विसरू नका. पूलसाठी तो साधारण ७.२ ते ७.८ ठेवतात. तो बराच खाली गेला की लायनरला सुरकुत्या पडू लागतात. वर गेला तर क्लोरीनच आळशी होतं. जंतू मारायचं काम मुख्यतः हायपोक्लोरस अ‍ॅसिड करतं. पीएच ७.५ च्या आसपास ते जवळपास निम्मं असतं, ८.५ ला दहा टक्क्यांच्या आसपास उरतं.

लायनर महत्त्वाचा की पोट?

लायनरच्या भीतीने क्लोरीन कमी टाकणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. १ पीपीएम क्लोरीन, पीएच ७.५ आणि २५ अंश तापमान असेल, तर घातक ई-कोलाय जंतू मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस-ए च्या विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात, जिआर्डियाला ४५. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवसांहून जास्त तग धरतो! लायनर बदलता येतो, लिव्हर बदलणं एवढं सोपं नाही.

आता आपल्या गच्चीवर

आपल्याकडे बाटलीऐवजी ब्लीचिंग पावडर असते. गावाकडची मुलं तिला ‘टीसीएल पावडर’ म्हणून ओळखतात. तिचाही जंतू मारणारा घटक हायपोक्लोराइटच. “पावडर टाकली की टाकी खराब होते, पाण्याला वास येतो” असं हॉस्टेलमध्ये नेहमी ऐकू येतं. वरचं गणित इथे लावून बघा. चांगल्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. त्यातून ०.८ पीपीएमच्या आसपास क्लोरीन मिळतं. एवढ्याने प्लॅस्टिकच्या टाकीचं काही बिघडत नाही.

पद्धतही तीच, बादलीची! पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. किमान अर्धा ते एक तास थांबायचं, मग ओटी टेस्ट करायची. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम तरी उरायला हवं. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिचा जोर गेलेला असतो, तेव्हा टेस्टला पर्याय नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. असं संकट यायला शहरच लागतं असं नाही, एक टाकी पुरते.

प्लॅस्टिकची काळजी करणाऱ्यांनी खरं तर मेसच्या स्टीलची करावी. ब्लीचचं पाणी स्टीलच्या भांड्यात रात्रभर राहिलं तर बारीक खड्डे पडतात. लोकर आणि रेशीमही ब्लीचमध्ये टिकत नाही.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तोच वायू जो १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून वापरला गेला. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. आपल्या सफाईच्या मावशींना आणि काकांना हे नक्की सांगा. दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटात असावेत, ही विनंती रेक्टर सरांनाही.

थोडक्यात, व्हायव्हात विचारलं तर एवढंच सांगा: ब्लीच चांगलं की वाईट हे ते किती तीव्र आहे आणि किती वेळ एका जागी राहतं यावर ठरतं. म्हणून मोजा, विरघळवा, पसरवा आणि तपासा. न्यू जर्सीचा लायनर असो की आपली गच्चीवरची टाकी, नियम एकच. आज जेवायला जाताना मेसच्या नळाचं पाणी ओटी टेस्टला पिवळं होतं का, हे विचारायला विसरू नका!