पंप उतरवण्याआधी

सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते, थोडा वेळ चालते, मग रेस आपोआप वर-खाली होऊ लागते आणि आचके देत इंजिन बंद पडतं. पुन्हा सेल्फ मारला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. जुन्या डिझेल पिकअपवर शेतमाल वाहणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. त्यावर खर्च होणारा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो, असं अनुभवाने माझं मत झालं आहे.

आमची पिकअप ऐन टोमॅटोच्या तोडणीत अशी वागू लागली. जुन्नर तालुक्यातून माल भरायचा आणि रात्री माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात पोचायचं, असा आमचा धंदा. गॅरेजमध्ये नुसता आवाज ऐकून निदान झालं की डिझेलचा पंप गेला. पंप आणि नोझल उतरवून कॅलिब्रेशनसाठी पुण्याला पाठवले. तोडलेला टोमॅटो कुणासाठी थांबत नाही; तो नारायणगावातच मिळेल त्या भावाने द्यावा लागला. पंप आला, बसला, भलंमोठं बिल चुकतं झालं आणि गाडी पुन्हा तशीच बंद पडली.

माझा चुलतभाऊ ट्रक चालवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, पंपापर्यंत डिझेल नीट पोचतंय का, ते बघितलं का कुणी?" ते कुणीच बघितलं नव्हतं.

मग त्याने जे केलं, ते प्रत्येक गाडीवाल्याने शिकून घ्यावं. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर ठेवला. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला येणारा पाइप सोडवून त्या जागी कॅनमधून आणलेली पारदर्शक नळी जोडली. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला. हातपंप मारून हवा काढली आणि गाडी सुरू केली. ती न अडखळता चालत राहिली. म्हणजे पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळं ठीक होतं. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधे होता. टाकीचा पाइप परत जोडून मधे पारदर्शक नळीचा तुकडा घातला, तर त्यातून बुडबुडे वाहताना डोळ्यांना दिसले. टाकीजवळची रबरी नळी क्लिपखाली चिरली होती.

नळी फुटली होती, तर डिझेल गळायला नको का, असा प्रश्न तेव्हा मलाही पडला. नेमकं इथेच भले भले फसतात. पिकअपची टाकी खाली, चासीला असते आणि इंजिन वर, पुढे. फीड पंप डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात चालू गाडीत दाब नसतो, ओढ असते. चिरलेल्या नळीने उसाचा रस ओढला तर तोंडात हवा येते, बाहेर रस सांडत नाही, तसंच हे. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो. तिथली गळती डिझेलने ओली दिसते. कोरडी जागा निर्दोष धरली की शोध तिथेच संपतो.

गाडी आधी सुरू कशी होते, तेही समजून घ्या. फिल्टरच्या भांड्यात आणि पंपात थोडं डिझेल शिल्लक असतं, त्यावर ती पेट घेते. तेवढं संपलं की मागून हवामिश्रित डिझेल येतं. जुन्या पद्धतीचा नोझल साधारण २०० बारच्या आसपास दाबाला उघडतो. डिझेल सहज दबत नाही, हवा दबते. बुडबुडा आला की दाब तयारच होत नाही आणि नोझल उघडत नाही.

नळी शाबूत असेल तर पुढच्या जागा पाहा. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र चिखलाने बुजलं की टाकीत पोकळी होते. झाकण सैल करताना 'स्स्' आवाज आला आणि नंतर गाडी नीट चालली, तर दोष सापडला. टाकीच्या तळाचा गाळ ओढनळीच्या जाळीला चिकटतो. गाडी थांबवली की तो खाली बसतो, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते. पावसाळ्यात फिल्टरखालचा नट सैल करून पाणी काढत जा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशीच सापडतं. फिल्टर बदलताना बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घाला. दबलेल्या जुन्या वॉशरने पुष्कळ गाड्या हवा धरतात.

बंद पडण्याची तऱ्हाही नीट ऐका. आचके देत बंद पडली तर डिझेलचा रस्ता तपासा. चावी बंद केल्यासारखी एकदम गप्प झाली तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर बघा; ती सैल असली तरी इंजिन तत्क्षणी थांबतं. बंद पडताना काळा धूर ओकत असेल तर एअर क्लीनर उघडा.

हे सगळं जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांबद्दल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या आणि त्याआधीच्याही अनेक गाड्या कॉमन रेलच्या आहेत. त्यांच्या पाइपातला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. तिथे चालू इंजिनात नोझलचा पाइप सैल करणं जिवावर बेतू शकतं. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. तिथे स्कॅनर लावणाऱ्याकडेच जा.

अशी बंद पडणारी गाडी घेऊन घाटात उतरू नका. इंजिन थांबलं की ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. मागे माल असताना माळशेजच्या वळणावर हे झालं तर काय होईल, हे सांगायला नको. आपण ती जोखीम घेऊन बऱ्याच फेऱ्या केल्या, हे आठवलं की आजही मला धस्स होतं.

नळी आणि क्लिपा किरकोळ किमतीत आल्या, आणि तेव्हापासून गाडी एकदाही तशी बंद पडलेली नाही. तुमच्या गाडीचा पंप उतरवायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला आधी गाडी कॅनवर चालवून दाखवायला सांगा. तुमच्या समोर.