दोन दिवसांत मंजूर झालेला शोधनिबंध

ऑक्टोबर २०१९ मध्ये मी सोलापुरात एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या एका परिषदेला शोधनिबंध पाठवला आणि तिसऱ्या दिवशी तो स्वीकारल्याचा मेल आला. बाबांना वाचून दाखवला. "पोरी, एवढ्या लांबून बोलावणं आलंय, पैशाचं मी बघतो," म्हणाले आणि त्यांनी पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली. फी, बँकॉकचं तिकीट, हॉटेल असे मिळून लाखाच्या वर गेले.

परिषद म्हणजे हॉटेलच्या तळमजल्यावरची एक खोली होती. समोर चौदा माणसं. माझ्या आधी दातांच्या रोपणावर भाषण झालं, नंतर काँक्रीटच्या ताकदीवर. मला आठ मिनिटं मिळाली. प्रश्न एकही आला नाही. दुपारी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले आणि संध्याकाळी खोली लग्नाच्या स्वागत समारंभासाठी सजवायला घेतली. गावी परतल्यावर कॉलेजने फलकावर माझं नाव लावलं. फसगत झाली हे मनात कुठेतरी कळलं होतं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मी बोलले नाही.

खरी किंमत दोन वर्षांनी मोजली. परदेशातल्या एलएल.एम.साठी शिष्यवृत्तीची मुलाखत होती. समितीतल्या एका बाईंनी माझा तोच निबंध छापून आणला होता. विषय होता पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा आंतरराष्ट्रीय न्यायालयातला खटला. त्यांनी चौथ्या पानावरच्या एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती आणि ते पान माझ्यासमोर सरकवलं. "न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली, असं तुम्ही लिहिलंय. निकाल वाचलात का?"

मी वाचला नव्हता. बातम्या वाचल्या होत्या. १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानला दोषी ठरवलं ते १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या छत्तिसाव्या कलमाच्या भंगाबद्दल. जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारतीय दूतावासाला त्यांना भेटू दिलं नाही, म्हणून. शिक्षा रद्द करून त्यांना सोडा, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढाच आदेश दिला आणि तोवर फाशी स्थगित ठेवली. सगळा खटला ज्या फरकावर उभा आहे तोच मी चुकवला होता, आणि पैसे घेणाऱ्यांपैकी कोणीही तो निबंध उघडूनसुद्धा बघितला नव्हता. नाहीतर ही चूक मंजुरीआधीच सापडली असती.

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी पहिला प्रश्न हाच विचारते : तुझं लिखाण तिथे कोण वाचणार आहे? आयोजन समितीतल्या दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ मेल टाकून विचारा, तुम्ही खरंच या समितीत आहात का? एकाच परिषदेत कायदा, दंतवैद्यक आणि स्थापत्य असेल तर तिथे पाऊल टाकू नका. संयुक्त राष्ट्रांच्या नावाने कोणी नोकरीसाठी किंवा इंटर्नशिपसाठी पैसे मागितले तर तो मेल खोटा समजा, कारण संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. मात्र त्यांची इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हातला राहण्याचा खर्च आपला. हे घरी आधी मोकळेपणाने बोलावं. मी बोलले नाही.

खऱ्या वाटा आहेत, पण संथ आहेत. जेसप मूट ही आंतरराष्ट्रीय कायद्यावरची अभिरूप न्यायालय स्पर्धा १९६० पासून चालू आहे. त्यात एकाच वादात दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद तयार करावे लागतात. आज ज्या मुद्द्यावर ठाम होता तोच उद्या स्वतः खोडायचा. जिंकलात न जिंकलात, त्या चार-पाच महिन्यांत निकाल वाचायची सवय लागते. हेगच्या पीस पॅलेसमध्ये हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग भरतात. त्यासाठी शिष्यवृत्त्याही आहेत, पण अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा लागतो. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात जाग आली तर उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या ज्युडिशियल फेलोशिपला तर स्वतः अर्जच करता येत नाही. विद्यापीठ नाव पाठवतं आणि खर्चही उचलतं. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२० मध्ये विश्वस्त निधीला मान्यता दिली, तेव्हा आपल्या विद्यापीठाकडे निदान विचारणा तरी करा. आणि फ्रेंच शिका. त्या न्यायालयाच्या दोनच अधिकृत भाषा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच. पुण्या-मुंबईत शिकण्याची चांगली सोय आहे.

नोकरी हेगमध्येच असते असंही नाही. परराष्ट्र मंत्रालयाचा विधी व करार विभाग दिल्लीतच आहे. नीरू चढ्ढा त्याच विभागात होत्या. २०१७ मध्ये त्या हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणावर निवडून गेल्या, तिथल्या पहिल्या भारतीय महिला न्यायाधीश म्हणून.

शिष्यवृत्ती मला मिळाली नाही. मुलाखतीनंतर निकालाची सगळी पानं छापून स्पायरल करून घेतली. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, आधीही मिळतच होता. संयुक्त राष्ट्रांच्या दृकश्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानंही फुकट आहेत. ती रोज एक ऐकली. मग निबंध पहिल्यापासून लिहून एका नियतकालिकाला पाठवला. पाच महिन्यांनी दोन पानं भरून दोष काढून परत आला. त्या रात्री मी बाबांना बँकॉकबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी ती दोन पानं हातात घेतली, इंग्रजी फारसं येत नसताना शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "यानं बरंच वाचलेलं दिसतंय गं तुझं."