गोडी फोडणारा घरातच असतो

प्रश्न : तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो म्हणतात. वाळून वजन घटेल हे पटतं, पण साखर कुठे जाते?
– एक वाचक, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : साखर उसातच असते, फक्त फुटलेली. उसाच्या पेशीत रिक्तिका नावाची पाण्याने भरलेली पिशवी असते. पेशीतली बहुतेक जागा तिनेच अडवलेली, आणि गोडी साठते ती तिथेच. गंमत म्हणजे साखर फोडणारं इन्व्हर्टेज हे विकरही याच पिशवीत असतं. आतला रस आंबट, आणि त्याला आंबटच मानवतं. सुक्रोज फोडून ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. दोन्ही गोडच, पण कारखान्यात त्यांचे दाणे पडत नाहीत, मळीतून निघून जातात. गुऱ्हाळावर अशा रसाचा गूळ नीट बसत नाही.

मग असलं विकर पेशी आत घेतेच कशाला? कोवळ्या कांड्याला वाढायचं असतं, त्याला फुटलेली साखर लागते. म्हणून वाढ्यात इन्व्हर्टेज भरपूर आणि गोडी कमी. ऊस पिकत जातो तसं खालच्या कांड्यांतून ते घटतं.

आत पोचतं कसं, हा खरा नवलाचा भाग. अशी विकरं आंतर्द्रव्यजालिकेत तयार होऊन गॉल्जी पिंडात येतात. तिथे चिठ्ठी तपासली जाते, कारखान्याच्या तोडचिठ्ठीसारखी. ही चिठ्ठी म्हणजे विकराच्याच साखळीतली काही अमिनो आम्लं. रताळ्यातल्या स्पोरॅमिन या प्रथिनाची चिठ्ठी पुढच्या टोकाला असते, तंबाखूतल्या कायटिनेज विकराची शेपटीला. 1991 मध्ये संशोधकांनी ही शेपटी छाटली, तर कायटिनेज पेशीबाहेर पडलं. एरवी बाहेरच जाणाऱ्या काकडीच्या कायटिनेजला ती जोडली, तर ते रिक्तिकेत गेलं. थोडक्यात, चिठ्ठी नसेल तर पेशी माल बाहेर काढते. इन्व्हर्टेजचंही तसंच: एक प्रकार रिक्तिकेत, दुसरा पेशीभित्तीत.

आता फडातला ऊस. तोडल्यावर इन्व्हर्टेज पुन्हा जोर धरतं, उन्हात अधिकच. त्यात कापलेल्या तोंडातून जंतू शिरतात, तेही साखर खातात.

एक सावधगिरी. पक्वता बघायला बरेच जण हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स मोजतात. उभ्या उसाला ते ठीक. तोडलेल्या उसात मात्र हा आकडा फसवतो. ब्रिक्स रसात विरघळलेलं सगळंच मोजतो, साखर साबूत की फुटलेली हे सांगत नाही. उलट पाणी उडाल्याने आकडा वाढलेलाच दिसतो. खरी स्थिती कळते ती प्रयोगशाळेत पोल आणि शुद्धता काढल्यावर. तेव्हा गाडी ठरल्याशिवाय कोयता लावू नका, आणि तोडलेला ऊस 24 तासांत गव्हाणीत पडेल असं बघा.